सांध्याच्या शेजारून गेलेली रेघ

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का येतोय, सर्दी झालीय का?" आणि मी हो म्हणाले. सर्दी नव्हती. जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुझा फोन स्पीकरवर असतो, तू भाजी चिरता चिरता बोलतेस, मागून सासूबाई "कोण, धाकटी का गं?" म्हणून विचारतात, आणि इकडे आपल्या फोनपासून हातभर अंतरावर बाबांची खुर्ची असते. म्हणून लिहायला बसले. दुपारी चिमणी झोपली की एकटीनं वाच. आणि वाचून झाल्याबरोबर बाबांना फोन लावू नकोस. ही अट आधीच घालते, कारण तू ती मोडणार हे मला ठाऊक आहे. निदान मोडताना थोडं वाईट तरी वाटावं.

आधी बातमी. मी वेल्डिंग शिकले. हस खुशाल. लहानपणी ठिणगी उडाली की मी पाण्याच्या पिंपामागे लपायचे, हे इथे अजून सगळ्यांना आठवतं. त्याचं झालं असं की पदवी हातात आली, नोकरीच्या अर्जांची उत्तरं यायची आहेत, आणि आम्ही मैत्रिणींनी गल्लीच्या टोकाची बंद पडलेली खोली साफ करून मुलांसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलं. मी खाली बाबांचं वर्कशॉप चालू असताना कानात कापसाचे बोळे घालून पदवीचा अभ्यास केला. माझ्यामागून येणाऱ्या पोरांवर ती वेळ येऊ नये, एवढाच विचार. तिथे बाक हवे होते. मी बैठकीत म्हटलं की बाक आपणच बनवू, आपल्या हातांनी केलेल्या बाकावर बसून शिकलं की शिक्षणाचा कष्टाशी संबंध तुटत नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते रंगकाकांनाही ऐकवलं. आपल्या रंगकाकांचे केस बाबांनी जोडलेलं लोखंड घासण्यात आणि रंगवण्यात पांढरे झाले, ते असल्या वाक्यांना थोडेच भुलतात. म्हणाले, "बाकावर बसायला ढुंगण लागतं पोरी, संबंध नाही लागत."

बाबांना मात्र मी घाबरत घाबरत विचारलं. "हात काळे करायला तुला शिकवलं नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर तुलाही पाठ आहे. या वेळी ते एका शब्दात हो म्हणाले. वर म्हणाले, "आजच बस." मला वाटलं, आपल्या शिक्षणानं घरात काहीतरी बदललं. मी तर आईला म्हटलंसुद्धा की बघ, बाबांचे विचार पुढे गेले. आईनं बाबांच्या हातात चहाचा कप नेऊन दिला. हल्ली ती कप समोर ठेवत नाही, त्यांचा हात धरून बोटं कपाच्या कानाला लावून देते. मी समजत होते, म्हातारपणी लाड सुचलेत.

तर आमची शाळा वेल्डिंगच्या मशीनपाशी, आपल्या म्हातारीपाशी सुरू झाली. म्हातारी आता खरंच म्हातारी झालीय. बाबा कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि त्यांनी ती उचलून आणली, तेव्हाच ती जुनी होती. आता तिच्या लोखंडी पेटीवरचा रंग पार उडालाय, वरच्या चाकाजवळची आकड्यांची पट्टी पुसून गेलीय, आणि करंट किती ठेवलाय हे बाबा चाकाच्या खाचेत अंगठा घालून ओळखतात. ती चालू झाली की घुमते, शेजारच्या वहिनींच्या घरातला दिवा मंद होतो आणि त्या खिडकीतून विचारतात, "आज सकाळपासूनच खोकला का हो म्हातारीला?" बाबांनी मला त्यांचा जाड सुती शर्ट घालायला लावला, केस बांधून रुमालाखाली घ्यायला लावले, चपला काढून बूट घालायला लावले. चामड्याचे हातमोजे इतके मोठे की आत माझे हात हरवले. मग त्यांनी होल्डरच्या चिमट्यात वेल्डिंगचा रॉड लावून दिला आणि म्हणाले, काडेपेटीवर काडी ओढतेस तसा ओढ, आणि पेट घेतला की जरासा उचल. मी ओढला. पेट घेतला, आणि मी दचकून तो तसाच दाबून धरला. रॉड पत्र्याला असा चिकटला की मी होल्डर धरून मागेपुढे झुलते आहे आणि म्हातारी रेड्यासारखी हंबरते आहे. "मनगट मुरड," बाबा म्हणाले, "ओढू नकोस, मुरड. नाही सुटला तर होल्डरचा चिमटा उघड आणि बाजूला हो." कित्येक दिवस मी फक्त रॉड चिकटवले आणि सोडवले. नंतर जी पहिली रेघ आली तिच्याकडे रंगकाका बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, इथे कबुतरं बसून गेली का.

आणि ताई, बाबा शिकवायचे कसे, ते ऐक. ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. पाठ करून स्टुलावर बसायचे आणि ऐकायचे. रॉड आणि लोखंड यांच्यातलं अंतर बरोबर असलं की तेलात काहीतरी एकसारखं तळल्याचा आवाज येतो. अंतर वाढलं की तो फुसफुसतो, कमी झालं की गुदमरतो, आणि रॉड दमट असेल तर चरचरतो. हे सगळं मला बाबांनी आवाजावरून शिकवलं. मी इकडे काळ्या काचेआड घाम पुसते आहे आणि तिकडून पाठमोरे बाबा म्हणताहेत, "लांब गेलीस. खाली ये. आता पळू नकोस. हां, असंच चालव." मी भारावून गेले होते. मैत्रिणींना सांगितलं, अभ्यासिकेतल्या मुलांना सांगितलं, की माझे बाबा लोखंड ऐकतात. यालाच ज्ञान म्हणतात, ते पुस्तकात नसतं, असं एक छोटं भाषणही मी केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण माझी खोड तुला ठाऊक आहे, मी पुस्तक आणलंच. तांत्रिक शाळेत शिकवण्याचं साधं पुस्तक, चित्रांचं. त्यात पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की उजेडाकडे बघू नका, उजेडाच्या मागे वितळलेल्या लोखंडाचं तळं असतं, त्याच्याकडे बघा, आणि ते तळं सांध्याच्या दोन्ही काठांना टेकतंय का याच्यावर नजर ठेवा. पानोपानी तेच. बघा, बघा, बघा. मी बाबांना विचारलं, तुम्ही तळ्याबद्दल कधी काही बोलला नाहीत. ते म्हणाले, "तळं बिळं काही नसतं. कान दे." मला वाटलं, जुन्या माणसाची पद्धत. पुढे मला ते तळं दिसायला लागलं तेव्हा मला आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त वाटलं. ते इतकं स्पष्ट होतं, ताई. मधासारखं जाड, मागून त्याच्यावर दुधाच्या सायीसारखी खपली धरत येणारं. इतकी वर्षं हे काम करणारा माणूस ते नसतं असं कसं म्हणेल?

मग शील्डचं झालं. तोंडासमोर धरायच्या माझ्या शील्डच्या काळ्या काचेवर ठिणग्यांचे डाग बसले होते, म्हणून एक दिवस बाबा जेवायला वर गेले असताना मी त्यांची शील्ड घेतली. रॉड पेटवला आणि मला सगळं भर दुपारी दिसावं तसं दिसलं. टेबल, भिंत, माझे हातमोजे, सगळं हिरवट उजेडात. मी खूश, की काय सोपं आहे हे बाबांच्या काचेतून. थोड्याच वेळात डोकं ठणकायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत जिथे बघावं तिथे मधोमध काळा ठिपका. मी काच काढून रंगकाकांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. म्हणाले, ही वेल्डिंगची काच नाही, गॅस कटिंगच्या चष्म्याची आहे, फिकी असते, वेल्डिंगच्या आर्कच्या उजेडाला चालत नाही. मी विचारलं, मग बाबांच्या शील्डमध्ये ही कुणी बसवली. "त्यालाच विचार," म्हणाले, आणि ग्राइंडर चालू केला. ग्राइंडर चालू असताना माणसाला काही विचारता येत नाही, म्हणून तर त्यांनी तो चालू केला.

मी विचारलं नाही. पण त्यानंतर मी बाबांकडे बघायला लागले. आपण घरातल्या माणसाकडे बघत नसतो गं, तो तिथे आहे एवढंच बघतो. बाबा बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाच्या जरा बाहेर बघतात. माझ्या पदवीच्या फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. तू म्हणाली होतीस, लाजले. ते वर्तमानपत्र उघडतात, पण पान उलटत नाहीत. जिना मात्र पटपट उतरतात, दारातून नीट वळतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही.

पहिला बाक आम्ही मिळून केला. मी एका बाजूचे पाय जोडले आणि बाबांनी दुसऱ्या. सांधे जुळवताना ते बोटांनी चाचपून टोकांना छोटे टाके घालतात, ते अजूनही अगदी जागच्या जागी पडतात. मग त्यांनी लांब रेघ ओढली, आवाज असा की ऐकत राहावं. गार झाल्यावर मी हातोडीनं खपली उडवली. खाली रेघ निघाली ती माझ्या दहा जन्मांत यायची नाही, एकसारख्या बारीक लाटा, कुठे भोक नाही, कुठे गाठ नाही. फक्त ती सांध्यावर नव्हती. सांध्याच्या शेजारून, बोटभर अंतर राखून, नुसत्या एकाच पट्टीवरून सरळ गेली होती. मला आधी वाटलं, मीच चुकीचा सांधा बघते आहे. मी बाक उलटा केला, आणि पाय टाक्यातून सुटून माझ्या हातात आला. बाबांनी स्टुलावरून विचारलं, "कशी आलीय?" मी म्हणाले, "छान आलीय, बाबा." पाय तसाच हातात धरून म्हणाले. पुढेही त्यांनी विचारलं की मी तेच म्हणत गेले.

त्या दिवशी मी रंगकाकांना ग्राइंडर चालू करू दिला नाही. प्लगच काढून हातात धरला. मग ते बोलले, आणि मग थांबेचनात. पहिल्यांदा असं दिसलं तेव्हा त्यांनी बाबांना हाक मारली होती, अरे, रेघ बाहेर गेलीय. बाबा म्हणाले, घासून घे. दुसऱ्यांदा हाक मारली तर बाबा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत, डबासुद्धा वेगळा बसून खाल्ला. मग रंगकाकांनी पुट्टी आणली. सांध्यात पुट्टी भरायची, घासायची, वरून प्रायमर, वरून रंग. "मला जोडता आलं असतं तर मी रंगारी राहिलो असतो का?" ते म्हणाले. "मी झाकतो. मला झाकताच येतं." मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, तुझ्या शेवटच्या वर्षाच्या आधीपासून दिसायचं कमी होतं, काळ्या काचेतून काही दिसेना म्हणून त्यानं फिकी काच बसवली, फिक्या काचेनं उरलेलं जाळलं. आणि म्हणायचा, पोरीची पदवी होऊ दे, मग बघू. मी रागानं म्हटलं की लोक त्या लोखंडावर भार टाकतात, काका, हे तुम्हाला कळत नव्हतं का. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "कळत होतं. तुझ्या बापाला सांगायचं कुणी, हे कळत नव्हतं. तू सांग. तू शिकलेली आहेस." मी ग्राइंडरचा प्लग त्यांच्या हातात परत दिला, ताई. इतकी भाषणं करणारी मी.

सांगण्याऐवजी मी शिकायला लागले. आता बाकासाठी नाही. सकाळी उठून भंगारातल्या पट्ट्या जोडायच्या, टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळायच्या आणि हातोड्यानं मोडायच्या. सांध्यातून मोडल्या की पुन्हा. पट्टी वाकली आणि सांधा तसाच राहिला की तो खरा, असं पुस्तकात आहे आणि बाबाही तेच सांगायचे. बाबा खूश होते. वर आईला सांगायचे, पोरगी पेटलीय. माझे हात भाजले, गळ्याला चटके बसले, रेघ काही सुंदर झाली नाही. अजूनही तिच्यात गाठी येतात. पण पट्ट्या वाकायला लागल्या.

मग मी आणि रंगकाका हिंडायला लागलो. गंज चढलाय का बघतो म्हणायचं आणि चाकूनं सांध्यावरचा रंग खरवडायचा. नजर कमी झाल्यापासून बाबांनी केलेलं प्रत्येक काम काकांना आठवत होतं, पुट्टी त्यांनीच भरली होती ना. काही सांधे अगदी चांगले निघाले, मी देवाचे आभार मानले. काही नाही. दवाखान्याच्या उताराला बाबांनी कठडा केला होता, पेशंट धरून चढतात तो. मी खाली बसून खरवडत होते आणि पुट्टीचा भुगा माझ्या हातावर पडत होता, तेवढ्यात एका आजींनी वर चढताना त्याच खांबावर सगळा भार टाकला. दमल्या होत्या, श्वास घेत थांबल्या, मला म्हणाल्या, "रंग लावतेस का बाळा? सावकाश लाव, मला घाई नाही." खांब माझ्या डोळ्यांसमोर हलत होता. मी तो दोन्ही हातांनी धरून राहिले, त्या वर जाईपर्यंत. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी खरं सांगितलं, त्यांनी उतार बंद करून मागचं दार उघडलं. आम्ही म्हातारीला हातगाडीवर घालून तिथे नेलं. बाबांना सांगितलं, अभ्यासिकेत जागेवर काम करायचंय. मग शेजारच्या वहिनींचा जिना, मग बालवाडीच्या फाटकाच्या बिजागऱ्या. वहिनींनी मला वाकून काम करताना पाहिलं आणि म्हणाल्या, "बापाचं काम मोडतेस का जोडतेस?" मी म्हटलं, "घट्ट करते." त्या दिवसापासून दिवा मंद झाला तरी त्या खिडकीत येत नाहीत.

फाटकाचं काम करून आम्ही परतलो त्या दुपारी बाबा वर्कशॉपच्या दारात उभे होते. अभ्यासिकेला कुलूप आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा ते स्वतःच भिंत धरून तिथपर्यंत जाऊन आले असावेत. हातगाडी आत घेतली तेव्हा त्यांनी पुढे येऊन म्हातारीच्या झाकणावर हात ठेवला. ती गरम होती. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग माझ्या कानाच्या बाहेर बघत त्यांनी विचारलं, "किती सांधे सुटे निघाले?" रंगकाका बाहेर जाऊन उभे राहिले. मग बाबाच एकेक काम सांगायला लागले. दवाखान्याचा कठडा? मी हो म्हणाले. वहिनींचा जिना? हो. फाटक? हो. कोपऱ्यावरच्या खिडकीची जाळी? ती चांगली आहे, बाबा. यावर त्यांनी मान हलवली, म्हणाले, "ती सकाळची होती. तेव्हा ऊन आत येतं." त्यांना सगळं आठवत होतं, कुठला सांधा कुठल्या वेळी, उजेड कुठून. म्हणजे प्रत्येक वेळी त्यांना शंका होती, आणि प्रत्येक वेळी त्यांनी कानावर भरवसा ठेवला होता. कान खोटं सांगत नव्हते, अगं. आवाज बरोबरच होता. रेघ कुठे पडतेय हे आवाजाला कळत नाही, एवढंच. सगळी कामं संपली. एक उरलं होतं. त्याचं नाव बाबांनी घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. ते वर गेले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मुकाट्यानं आले. मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. पण पडद्याच्या मधोमध जळाल्याचा व्रण आहे आणि तिथली नजर परत येणार नाही. आता थांबलात तर कडेचं राहील, डॉक्टर म्हणाले, नाही थांबलात तर मी काही सांगू शकत नाही. बाबांनी विचारलं, "एक काम राहिलंय, तेवढं करू का?" डॉक्टरांना वाटलं ते गंमत करताहेत. मला तसं वाटलं नाही.

ताई, तुमच्या गच्चीच्या दाराला भाऊजींनी कुलूप लावलंय आणि पाइपमधून पाणी गळतंय असं तुला सांगितलंय. पाइप ठीक आहे. कुलूप मी लावायला सांगितलं, त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्या सांगण्यावरून त्यांनी गच्चीच्या कठड्याच्या खांबांचा रंग तळाशी खरवडून मला फोटो पाठवले. रेघ फार सुंदर आहे. तू हौसेनं बाबांकडूनच करून घेतलास तो कठडा, येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतेस, आणि चिमणी त्याला रेलून खालच्या कबुतरांना हाका मारते, म्हणून हे मी तुला फोनवर सांगू शकले नाही. आता बाबा हट्टाला पेटलेत. रविवारी टेम्पोत म्हातारी घालून तुझ्याकडे यायचं, आणि तुझ्या घरचं काम ते स्वतः करणार, मी नुसतं डावीकडे, उजवीकडे सांगायचं. आई रडून थकली. माझं ते ऐकणार नाहीत, कारण इतके दिवस मी त्यांना छान छान म्हणत फसवलं, हे आता त्यांना कळलंय. पण घर तुझं आहे आणि मूल तुझं आहे, तुझ्या शब्दापुढे त्यांना जाता येणार नाही. ते दारात उतरले की तूच होल्डर त्यांच्या हातातून घे आणि माझ्या हातात दे. ते तुझ्या खांद्याच्या पलीकडे बघत असतील. ते तुझ्याकडेच बघताहेत असं समज. आणि रडू नकोस, रडलीस तर तुझी समजूत काढायला म्हणून ते कामाला बसतील. यापुढचं विचारणं मला जास्त जड जातंय. मी शिकून अजून वर्षही झालेलं नाही. माझी रेघ गाठीगाठींची, वेडीवाकडी येते, पाहुण्यांना दाखवण्यासारखी नाही. ती सांध्यावरून जाते, एवढीच खात्री मी देऊ शकते. मोडून पाहिलेल्या पट्ट्या सोबत आणीन, तू स्वतः हातोडा मारून बघ. चिमणीचा भार तिच्यावर टाकायला तू तयार आहेस की नाही, ते मला रविवारच्या आत कळव. नाही म्हणालीस तर मी समजेन, दुसरा माणूस बोलावू, आणि बाबांना कसं थांबवायचं ते तेव्हा बघू. पण उत्तर माझ्याच हातात पडू दे, त्यांनी विचारायच्या आधी.

तुझ्या उत्तराची वाट बघत असलेली,
तुझीच धाकटी